मिठाविना बर्फ

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. झाकणाला तडा आहे, अंगाला बांगड्याचा वास आहे. पण थंडी धरण्यात मालवणच्या बंदरावर माझा हात धरणारं कोणी नाही, हे छातीठोकपणे सांगते!

माझा मालक फ्रेडी मला टेम्पोत घालून मासळी पोचवायचा. मग त्याच्या बायकोच्या, आपोलिनाच्या छातीत पुन्हा गाठ आली. पहिलं औषध त्या गाठीनं पचवलं होतं. दुसरं कुठलं लागू पडेल, हे शोधायला कणकवलीच्या डॉक्टरांनी गाठीचा लहानसा तुकडा काढला. पुन्हा काढण्याइतकी तिच्यात ताकद नव्हती. फ्रेडी-आपोलिनाची मुलगी जॅनेट गोव्यातल्या प्रयोगशाळेत असले तुकडे तपासते. आईचा तुकडा तिथवर न्यायचं काम मला मिळालं. काय फुगले म्हणून सांगू!

फ्रेडीनं मला घासूनपुसून बर्फ भरला. जॅनेट तुकड्याची बाटली घेऊन आली आणि लहानपणीच्या सवयीनं बर्फाचा खडा तोंडात टाकला.

"पप्पा, बर्फात मीठ घातलंस?"

"मासो नेताना घालतंवच ना! थंडी वाढता."

"मासो मेललो असता. ह्येच्यातल्या पेशींका जीव आसा. मिठाच्या थंडीत गोठान मरतत!"

फ्रेडी मला उलटी करून, धुऊन, उचलून थेट मासळी बाजारात धावला. सुभद्रा मासेवालीनं सुरमईखालचा बिनमिठाचा बर्फ उपसून माझ्यात ओतला.

"घेवन जा रे! माझी सुरमय आज लवकर खपतली."

पेशी जिवंत पोचल्या. आता जॅनेटच्या कामाचं कौतुक ऐका. पूर्वी गाठ वाटून सगळ्याची मिळून एकच चव घ्यायचे म्हणे. आता एकेक पेशी सुटी करून ती काय करतेय, ते वाचतात. उरलेल्या तुकड्याचा पातळ काप काढून कोणाच्या शेजारी कोण बसलंय, याचा नकाशा करतात. आपोलिनाच्या नकाशात शरीराची राखण करणाऱ्या पेशी गाठीच्या कडेलाच अडकल्या होत्या. डॉक्टरांनी तो पाहून औषध बदललं, राखणदारांना गाठीच्या आत वाट करून देणारं दिलं. गाठ आटत गेली. धन्य ती पोरगी!

मित्रांनो, आम्हा पेट्यांना धुऊन वाळवत जा. आणि अंगात गाठ हाताला लागली तर लाजून लपवू नका, दाखवा.

परवा आपोलिना आजारपणानंतर पहिल्यांदा चुलीपाशी उभी राहिली. अळणी कालवण चाखून तिनं तोंड वाकडं केलं.

"फ्रेडी, मिठाची बरणी खंय लपयलंस रे?"

फ्रेडी हसता हसता रडायलाच लागला.