बोलणारा हवा होता

सोमनाथने मनगट पुढे केले आणि क्वेकर जातीचा पोपट त्यावर चढला. हिरवागार, छाती राखाडी, डोळे मिरीच्या दाण्यांसारखे. त्याने घड्याळाच्या पट्ट्याला चोच लावून पाहिली, मान वाकडी केली आणि माणसासारखे स्वच्छ म्हटले, "सलाम."

"ऐकलं?" सोमनाथ बायकोकडे वळला. "बोलला की नाही?"

"बोलला." तनुजाने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा बंद केली. "पण हिरवा आहे हो. बाहेरच्यानं पाहिलं तर देशीच वाटंल. देशी पोपट पाळायला बंदी आहे ना? उगं कुणी तक्रार केली म्हणजे?"

"देसी नहीं है मॅडम," दुकानदार मुजीबभाई गल्ल्यावरून म्हणाले. "देसी की गर्दन में कंठी रहती. ये बाहर का है. पक्का बिल देतूं मैं."

"तरी पण," तनुजा म्हणाली.

सोमनाथने पक्षी मुजीबभाईंच्या हातावर उतरवला. 

शहागंजातले ते दुकान बोगद्यासारखे अरुंद होते. दोन्ही बाजूंना छतापर्यंत पिंजरे, आणि प्रत्येक पिंजऱ्यात कुणीतरी किंचाळत होते, शिट्ट्या मारत होते, चोचीने तारा वाजवत होते. त्या गलक्याचे सोमनाथला काही वाटत नव्हते. शेंद्र्याच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, आणि दिवसभर धडधडणाऱ्या मशीनच्या वर आवाज काढून माणसांकडून काम करून घेणे हीच त्याची नोकरी होती. त्याला वैताग आला होता तो तनुजाच्या नन्नाचा. आठवड्यातली एक सुट्टी, आणि ती अशी चालली होती. आफ्रिकन ग्रे दाखवला तर फ्लॅटमध्ये लई मोठा होईल. कॉनुअर ओरडतो, शेजारचे भांडायला येतील. कॉकटेल पक्ष्याच्या पिसांची भुकटी उडते, आईंना दम्याचा त्रास. बजरीगरचा नर सवयीने चार शब्द उचलतो असे मुजीबभाईंनी सांगितले, तेव्हा तिने विचारले होते, "आणि मादी?"

"मादी कायकू?" मुजीबभाईंनाही कळले नव्हते.

मूळ कल्पना सोमनाथची. महिन्याभरापूर्वी शाळेत पालकसभा झाली. त्यांची मुलगी सोनिया चौथीत होती. बाईंनी तिची वही पुढे सरकवली, अक्षराचे कौतुक केले आणि मग म्हणाल्या, "लिहिते छान. पण उभं करून विचारलं की मान खाली. उत्तर येत असूनही तोंड उघडत नाही. घरी बोलते का?"

"बोलते की," तनुजा पटकन म्हणाली होती.

सोमनाथने ते मनावर घेतले. कामावरून आला की हातपाय धुऊन तो सोनियाला मराठीचे पुस्तक घेऊन समोर उभी करू लागला. "वाच. जोरात. मला इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे." ती वाचायची. तो म्हणायचा, आणखी जोरात. तिचा आवाज आणखी खाली जायचा. शेवटी फक्त ओठ हलत, आणि सोमनाथचा आवाज जिन्यापर्यंत जाई. मग तनुजा स्वयंपाकघरातून येऊन पुस्तक मिटायची.

त्याच्या खात्यातल्या सम्यकच्या भाचीने पोपट पाळला होता, आणि ती म्हणे दिवसभर त्याच्याशी गप्पा मारायची. सोमनाथच्या डोक्यात ते बसले. चहाच्या सुट्टीत तो मोबाइलवर पोपटांचे व्हिडिओ पाहू लागला. कोणता किती शब्द शिकतो, कोणाचे उच्चार स्पष्ट, कोणता लवकर माणसाळतो, सगळे त्याला पाठ झाले. एका व्हिडिओत एक लहान मुलगी पोपटाला स्वतःचे नाव शिकवत होती आणि पोपट ते चुकीचे म्हटल्यावर खदखदून हसत होती. तो व्हिडिओ त्याने जपून ठेवला होता. घरी दाखवला नव्हता.

आता त्याने सोनियाला शोधले. ती दुकानाच्या मागच्या टोकाला, खालच्या पिंजऱ्यापुढे उकिडवी बसली होती. पिंजऱ्यात लव्हबर्डची जोडी होती, गुलाबी तोंडाची, एकमेकांना चिकटलेली. सोनियाचे ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते. काय सांगत होती कोण जाणे. सोमनाथ ऐकायला म्हणून दोन पावले पुढे गेला. तिला त्याची चाहूल लागली, आणि ओठ थांबले.

"चल इकडं," तो म्हणाला. "हा क्वेकर बघ. याला तुझं नाव शिकवू. मुजीबभाई, शिकवायला किती दिवस लागतात?"

"सिखाने की जरूरतच नहीं साब." मुजीबभाईंनी क्वेकरच्या मानेवरून बोट फिरवले. "घर में जो रोज चलता, वहीच उठाता. और जो जोर से बोले, उसका पहले उठाता. एक साब लेके गए थे, दो महिने में वापस ला के दिए. दिनभर एकच बात. अक्कल है क्या, अक्कल है क्या! मेहमान के सामने भी." ते खो खो हसले.

सोमनाथही हसला. हसता हसता त्याने तनुजाकडे पाहिले. ती फरशीकडे पाहत होती. सोनियाने आईच्या ओढणीचे टोक धरले होते. दुकानात हसत होते ते दोघेच, तो आणि मुजीबभाई.

"पप्पा," सोनिया म्हणाली. एवढ्या गलक्यात ते त्याला ओठांवरूनच कळले. "न बोलणारा घेऊ."

"काय?"

"न बोलणारा."

"का?"

तिने आईकडे पाहिले.

"तिकडं काय बघतेस? मी विचारतोय ना? का?"

"असंच."

"लव्हबर्ड बोलत नाहीत ना हो, भाई?" तनुजाने मध्येच विचारले, आणि सोमनाथच्या लक्षात आले, की सकाळपासून प्रत्येक पिंजऱ्यापुढे तिने आधी हेच विचारले होते. हा बोलतो का? हा किती बोलतो? बोलतो म्हटले की मग रंग, मग भुकटी, मग शेजारी. त्याला वाटत होते, ती बोलका पोपट शोधतेय.

"लव्हबर्ड? नक्को. बस चिवचिव," मुजीबभाई म्हणाले. "बात नहीं करते वो."

"मग तेच द्या."

"तेच द्या?" सोमनाथचा ताबा सुटला. "मी इतके दिवस कशासाठी डोकं फोडतोय? पोरगी बोलावी म्हणून ना? आणि तुम्ही दोघी मुकं पाखरू शोधताय! मग आपल्या घरात कुणी बोलायचंच नाही का?"

आणि दुकान गप्प झाले.

एकदम. कॉनुअरची किंकाळी अर्ध्यात तुटली. बजरीगर दांडीच्या एका टोकाला गोळा झाले, कॉकटेलने तुरा ताठ केला आणि तो तसाच राहिला. वरच्या पिंजऱ्यातून एक पीस गिरक्या घेत खाली आले. कुठल्या तरी टाकीतल्या पंपाची बुडबुड तेवढी ऐकू येत होती, आणि बाहेर रिक्षावाल्याची हाक. मासे पाहणाऱ्या एका गिऱ्हाइकाने मागे वळून सोमनाथकडे पाहिले आणि लगेच पुन्हा माशांकडे तोंड फिरवले.

"घाबर गए," मुजीबभाई हलक्या आवाजात म्हणाले. "होता साब. अब्बी चालू होते."

सोमनाथने सोनियाकडे पाहिले. ती आता आईजवळ नव्हती. लव्हबर्डच्या पिंजऱ्याला पाठ लावून, त्याच्याकडे तोंड करून ती उभी होती. दोन्ही हात थोडे बाजूला, रस्त्यात कुत्र्याच्या पिलाला वाचवायला मुले पुढे उभी राहतात तशी. ती रडत नव्हती. त्याच्याकडे पाहत होती, तो पुढे काय करतो याची वाट पाहिल्यासारखी.

त्याने घसा खाकरला, तर जवळचा एक बजरीगर पुन्हा फडफडला.

"बांधून द्या," शेवटी तो मुजीबभाईंना म्हणाला. "ती जोडी."

गाडी घराकडे निघाली. क्रांती चौकात एक दुचाकीवाला आडवा घुसला. सोमनाथने ब्रेक दाबला, काच खाली केली, आणि मागच्या सीटवर सोनियाने पिंजऱ्याभोवती हात घट्ट केलेले त्याला आरशात दिसले. त्याने काच वर केली. दुचाकीवाला केव्हाच निघून गेला होता. वैताग मात्र गेला नव्हता. कुणावर काढावा ते कळत नव्हते.

संध्याकाळी सोमनाथची आई साळूबाई हॉलमधल्या दिवाणावर लसूण सोलत बसल्या होत्या. पिंजरा आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब, अर्धा ओढणीने झाकून ठेवला होता. सोनिया त्याच्यापाशीच होती. खोलीचे दार लोटलेले होते.

"सोमा, कोन्ता आनला रं?" साळूबाईंनी विचारले. "बोलतो का?"

"नाही बोलत."

"आं?" वर्षभरात त्यांचे कान बरेच गेले होते. त्यांनी मान पुढे केली. "काय म्हनतूस?"

आईशी बोलताना लावायचा तो आवाज काढण्यासाठी सोमनाथने छाती भरून घेतली. लोटलेल्या दाराच्या फटीतून ओढणीची कड दिसत होती. त्याने घेतलेला श्वास तसाच सोडला. खुर्चीवरून उठला, दिवाणावर आईला खेटून बसला आणि तिच्या कानाशी तोंड नेले.

"नाही बोलत, आई."

कानाला गुदगुली होऊन साळूबाई बाजूला सरकल्या. त्यांनी मुलाचा चेहरा निरखून पाहिला. लसणाच्या वासाचा हात त्याच्या कपाळाला लावला.

"का रं, बरं नाय का तुला?"

"बरंय."

"मग असा का बोलतूस?"

 त्याने सुपातली एक पाकळी उचलली आणि नखाने साल काढू लागला. स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला.

त्याच्या दोन-तीन पाकळ्या सोलून झाल्या असतील, तेवढ्यात आतले दार उघडले. सोनियाने डोके बाहेर काढले.

"पप्पा, बघायचं तर या. दाणे खायलेत."

तो उठला. दारापाशी पोचला तसा तिने तळहात वर केला.

"तिथंच थांबा. अजून भितात ते."

तिने ते अगदी हळू म्हटले होते, पण त्याला शब्दन्‌शब्द ऐकू आला. सोमनाथ चौकटीतच थांबला.