पहिल्यांदा चालू करताना

कोरिननं प्रोसेसरचा खोका ट्रॉलीत उपडा ठेवला आणि त्यावर आपला स्कार्फ टाकला. हॉलिसनं स्कार्फ उचलून तिच्या गळ्यात घातला, खोका सुलटा केला आणि त्याच्यावरची लाल पट्टी अंगठ्यानं पुसली, जशी काही तिच्यावर धूळच बसली होती.

“उपडा ठेवल्यानं आतलं काही निळं होत नाही,” तो म्हणाला.

“मला वाटलं, तुला बघवणार नाही.”

“मी नातवंडांचे डायपर बघितलेत. चल, आता बोर्ड.”

हिल्सबरोत निळी म्हणजे आपली आणि लाल म्हणजे त्यांची, हे पोरं रंग ओळखायला लागतात तेव्हाच शिकतात. चिप बनवणाऱ्या त्या दोन कंपन्या. निळीचा कारखाना गावाला लागूनच. सकाळ-संध्याकाळ पाळी सुटली की रस्ताभर तिचीच माणसं. हॉलिस ब्रँडव्होल्डनं तिथं, धुळीचा कणही न चालणाऱ्या खोलीत, एकतीस वर्षं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात काढली होती. पुढं त्याच दारानं त्याची मुलगी आत गेली, तिला चौदा वर्षं झाली. झाली म्हणजे परवाच्या गुरुवारपर्यंत. गुरुवारी दुपारी कोरिननं नोकरी सोडली होती, आणि हे अजून तिच्या बापाला माहीत नव्हतं.

दुकानात सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. अकरा वर्षांची असल्यापासून तिचा प्रत्येक कॉम्प्युटर दोघांनी मिळून जोडला होता, आणि प्रत्येक निळाच. आता लाल उचलला की तोच विचारेल का म्हणून, मग सांगून टाकू. पण त्यानं विचारलंच नाही. तिनं फोनवर ‘हौसेसाठी हवाय’ म्हटलं होतं, तेवढं त्यानं मान्य केलं होतं.

हौस खरीच होती, फक्त आता तिच्यावर पोट चालवायचं होतं. विमानातून टिपलेल्या खुणांवरून जंगलाखालची जमीन नकाशावर उघडी करायची, नद्यांच्या बुजलेल्या वाटा शोधायच्या, म्हणजे अंडी घालायला समुद्रातून येणाऱ्या सॅमन माशांना तिथं परतता येईल. दोन परगण्यांनी तिला काम दिलं होतं. असे नकाशे काढायला जुना कॉम्प्युटर अख्खी रात्र घ्यायचा. याच पैशात लालमध्ये तिला जवळजवळ दुप्पट ताकद मिळत होती. आणि रंग बदलला की नुसता प्रोसेसर बदलून भागत नाही. निळ्याच्या मदरबोर्डवर लाल बसतच नाही, बैठकच वेगळी. पाहुणा बदलला की घरही बदलायचं.

थिओ नावाचा पन्नाशीचा विक्रेता दाढी खाजवत आला आणि त्यानं एक बोर्ड पुढं केला. चालू केल्यावर तो सात रंगांत उजळतो म्हणे.

“याला कामाला लावायचंय की नाचायला न्यायचंय?” हॉलिसनं विचारलं.

“लोकांना आवडतं, सर.”

“लोकांना पेटीच्या आत काय बघायचं असतं, देव जाणे.”

कोरिननं खालच्या फळीवरचा साधा, स्वस्त बोर्ड उचलला. हॉलिसनं तो तिच्या हातून घेतला, खोक्यावरचं चित्र डोळ्यांजवळ नेलं, प्रोसेसरभोवतीचे विजेचे भाग नखानं मोजले आणि तो परत फळीवर ठेवला. मग वाकून, गुडघ्यावर हात टेकत, मधल्या फळीवरचा काढला. ना दिवे, ना चित्रं; पण वीज पुरवणाऱ्या भागावर जाड धातूचं पांघरूण होतं आणि मेमरीच्या पट्ट्यांना चार जागा होत्या.

“हा घे. रोज दहा-दहा तास राबवलास तरी तापायचा नाही. आणि तीन-चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदललास की झालं.”

“डॅड, मला शनिवार-रविवारपुरताच हवाय.”

“हो ना,” हॉलिस म्हणाला आणि त्यानं तो ट्रॉलीत ठेवला.

थिओनं दोन्ही खोक्यांवर आपल्या नावाची चिकटपट्टी लावली. गिऱ्हाईक कुणाचं ते गल्ल्यावर कळावं म्हणून. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून कारखान्याचं निळं जाकीट घातलेला एकजण आला. बाप आणि लेक दोघंही एकदमच वळली आणि ट्रॉलीला पाठ लावून उभी राहिली. समोर फक्त छपाईच्या शाईची फळी होती. दोघांनी ती मन लावून वाचली.

“ओळखीचा होता?” तो गेल्यावर कोरिननं विचारलं.

“नाही. तुझ्या?”

“नाही.”

हॉलिसच्या घरी कोरिनच्या आईनं, बेटनं, जेवणाचं टेबल रिकामं करून ठेवलं होतं आणि स्वतः स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. हॉलिसनं कोपरापर्यंत हात धुतले आणि ते हवेतच वाळवले, निवृत्तीनंतरही त्याची ती सवय गेली नव्हती. काम संपेपर्यंत तो आता चेहऱ्याला हात लावणार नव्हता. नाक खाजलं तर खांद्यावर घासणार होता.

कोरिन माहितीपत्रक उलगडून पान शोधत होती, तोवर त्यानं बोर्डावरच्या बैठकीची दांडी उचललीसुद्धा. प्रोसेसर कडांवर धरून, कोपऱ्यातली सोनेरी खूण बैठकीच्या खुणेशी जुळवून, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा त्यानं तो अलगद सोडला. दाबला नाही. दांडी खाली घेताना करकर वाजली, तशी कोरिननं डोळे मिटले. तो मात्र गुणगुणत होता.

चार वाजेपर्यंत सगळं जागेवर बसलं. बाहेर नोव्हेंबरचं आभाळ लवकरच विझायला आलं होतं. कोरिननं बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

एक मिनिट गेलं. दोन गेली. बोर्डावर एक पिवळा ठिपका पेटून राहिला, डोळा उघडा पण नजर नाही असा. बचतीतला केवढा तरी भाग त्या पेटीत गेला होता. सोमवारी पहिल्या परगण्याची नदी काढायला घ्यायची होती. तिचा हात बटणाकडे गेला.

हॉलिसनं तो वरच्यावर धरला. “नको. शिकतोय तो.”

“काय शिकतोय?”

“मेमरीच्या पट्ट्यांची ओळख करून घेतोय. हा पहिल्यांदा चालू करताना असाच गप्प बसतो. मध्येच बंद केलास तर पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडची माणसं नेमकी इथंच घाबरतात.”

कोरिननं माहितीपत्रकाकडे बघितलं. त्यात असं काही नव्हतं. मग तिनं बापाकडे बघितलं, तर तो उरलेले स्क्रू एका ओळीत लावत होता.

“डॅड.”

“हं.”

“तुला कसं माहीत?”

स्क्रूंची ओळ सरळ होती, तरी त्यानं ती पुन्हा सरळ केली.

“सांग की आता,” स्वयंपाकघरातून बेटचा आवाज आला.

“तुझ्या आईच्या कॉम्प्युटरमध्ये लालच आहे,” हॉलिस म्हणाला. “दोन वर्षं झाली. तिच्या रजयांची नक्षी काढायला. आवाज करत नाही, तिला रेडिओ ऐकत काम करायचं असतं.”

“दोन वर्षं? आणि मला बोलला नाहीस?”

“तू तिथं कामाला. पोरीच्या कारखान्याचं सोडून बापच दुसऱ्याचं घेऊन आला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?”

“तू येणार म्हटलं की त्याच्यावर रजई टाकायचा,” बेट हात पुसत दारात आली. “मी म्हटलं, अरे हॉलिस, कॉम्प्युटर आहे तो, माझी सवत नाही.”

कोरिन हसायला लागली. टेबलाची कड धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसणं ओसरलं तरी पाणी राहिलं. ते पुसायच्या आतच तिनं बोलून टाकलं.

“मी गुरुवारी सोडलं.”

बेटनं हात पुसायचा रुमाल खांद्यावर टाकला आणि नवऱ्याकडे बघितलं. हॉलिसनं एक स्क्रू उचलला आणि तळहातावर धरून ठेवला.

“बॅज परत दिलास?”

“दिला.”

“हात थरथरला?”

“थोडा.”

“माझा गाडीपाशी येईपर्यंत थांबला नव्हता,” तो म्हणाला. “किल्लीच लागेना. शेवटी एका पहारेकऱ्यानं लावून दिली.”

हे कोरिनला माहीत नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी तो शीळ घालत घरी आला होता, एवढंच तिच्या लक्षात होतं.

“डॅड, तुला वाईट वाटलं?”

त्यानं बोर्डाकडे बघितलं, त्या जाड पांघरुणाकडे आणि चार जागांकडे. “नुसत्या हौसेसाठी असता तर मी एवढा बोर्ड उचलला असता का, कोरी,” तो म्हणाला.

पिवळा ठिपका तसाच होता. आठ मिनिटं झाली होती.

“आईच्या वेळी किती वेळ लागला होता?”

“कुणास ठाऊक.”

“त्यानं तीनदा मध्येच बंद केला,” बेट म्हणाली. “चौथ्यांदा मी हात धरून जेवायला बसवला. या आता. बघत बसलं की दूधही उतू जात नाही.”

मग तिघं स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी गुडघ्याला गुडघे लावून बसली. भाजलेले बटाटे, गार झालेली कोंबडी आणि शेजाऱ्यांच्या झाडाचे हेझलनट घातलेला कोबी. बेटनं नद्यांबद्दल विचारलं. कोरिन काट्यानं ताटातल्या कोंबडीच्या रश्श्यात एक ओढा काढून दाखवायला लागली. तो पूर्वी कुठून वाहायचा, शेतकऱ्यांनी कुठं वळवला, मासे अजून कुठवर येऊन परत फिरतात. ती बोलत राहिली. चौदा वर्षांत कामाबद्दल ती एवढं कधी बोलली नव्हती.

तिची पाठ दाराकडे, पलीकडच्या काळ्या पडद्याकडे होती. समोर बसलेल्या हॉलिसच्या चष्म्याच्या काचांत एकाएकी उजेडाचे दोन छोटे चौकोन उमटले. त्यानं तिला ओढा पुरा करू दिला, मग बटाट्यांचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

“सोमवारी किती वाजता सुरू करतेस?”

“आठला.”

“मग साडेसातला तुझ्याकडे येतो,” तो म्हणाला. “आतल्या तारा बांधायच्या राहिल्यात.”