कोड आला का?

मोठ्या दिरांना घरात सगळे पाठीमागे सल्लागार म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना ते कौतुकच वाटलं असतं. घरातल्या सगळ्यांची शेअरची खाती तेच चालवत. खात्यात शिरायला कोड लागे, तो ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येई. मग बाजार उघडला की दिरांचा फोन: "कोड आला का? सांग." बायका हातातलं काम टाकून आकडे वाचून दाखवत. पैसे त्यांचे, पण आत जायचं दिरांनी.

माणूस हुशार होता, नाही असं नाही. घ्यायचं कधी हे त्यांना बरोबर कळे. विकायचं कधी हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं. भाव चढला की "अजून चढेल," पडला की "पडल्यावर कोण विकतं?" त्या नादात त्यांच्याच बायकोचं, म्हणजे मोठ्या जावेचं, गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा दोन वर्षं अडलं होतं.

धाकटी जाऊ दुसऱ्या एका बाईच्या पार्लरमध्ये केस कापायची. पगारातून तिनं पाइपच्या कंपनीचे शेअर घेतले, तेव्हाच सगळ्यांसमोर सांगितलं होतं: दुप्पट झाले की विकणार आणि कोपऱ्यावरच्या गाळ्यात स्वतःचं पार्लर टाकणार. दुप्पट झालेही. दीर म्हणाले, थांब. ती थांबली, भाव आपटला, गाळ्यात चष्म्याचं दुकान आलं. त्या दुकानावरून रोज कामाला जाताना तिचा जीव जळायचा.

आता चष्मेवाला गेला होता आणि भाव पुन्हा दुप्पट झाला होता. गाळेवाल्याला शनिवारपर्यंत अनामत हवी होती.

"दादाला विचारलंस का?" नवऱ्यानं जेवताना हळूच म्हटलं.

"सांगितलंय. विचारलं नाही."

दिरांनी ऐकलं. "वेडेपणा करू नकोस. ही तर सुरुवात आहे. वर्षभर थांब, तिप्पट करून देतो."

"तोवर गाळा राहील का, भाऊजी?"

"गाळे काय, छप्पन्न मिळतील."

"मला छप्पन्न नकोत, एकच हवाय."

दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावून झाला होता. धाकटीनं हातमोजे काढले, खातं उघडलं आणि सगळेच्या सगळे शेअर विकून टाकले. तेवढ्यात फोन वाजला.

"कोड आला का? सांग."

"आला होता. मीच वापरला. विकले शेअर."

"कुणाला विचारून?"

"खातं जिच्या नावावर आहे तिला."

आता भाव पडला असता तर धाकटीची कॉलर ताठ झाली असती. पण तो पडला नाही, चढतच गेला. दीर रोज जेवताना तिच्याकडे बघून भाव सांगत. तिला लागायचं. महिनाभर ऐकून घेतल्यावर एकदा ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, कुठल्या भावाला विकायचं हे मी घेतानाच ठरवलं होतं. तुमचा भाव कुठला?"

दिरांनी पाणी मागितलं. जावेनं तांब्या पुढे केला, पण नजर धाकटीवरच ठेवली.

दोनच दिवसांनी सकाळी जाऊबाई कठडा धरून धाकटीच्या नव्या पार्लरच्या तीन पायऱ्या चढल्या आणि हुश्श करून खुर्चीत बसल्या.

"ताई, केस कापायचेत का?"

"बघू," त्या म्हणाल्या आणि फोन मांडीवर ठेवून घड्याळाकडे बघत राहिल्या. बाजार उघडला तसा फोन वाजला. दिरांचा आवाज धाकटीलाही ऐकू आला.

"कोड आला का? सांग."

जाऊबाईंनी गुडघ्यावरून एकदा हात फिरवला.

"आलाय," त्या म्हणाल्या, "पण आजपासून सांगायची नाही." त्यांनी फोन कट केला आणि धाकटीपुढे धरला. "विकायचं कुठून, ते तेवढं दाखव. दाबणार मी."