बॅटरीवाली रायफल

दुर्गाप्रसाद मिस्त्रीला दिसत नाही, ही गोष्ट अख्ख्या सडक अर्जुनीत दोनच माणसांना ठाऊक होती. एक स्वतः दुर्गाप्रसाद, दुसरी त्याची बायको शामकला. गंमत अशी, की शामकलेला ठाऊक आहे हे दुर्गाप्रसादला ठाऊक नव्हतं.

आपण मोठ्या शिताफीनं लपवलंय असं म्हाताऱ्याला वाटायचं. कसलं डोंबलाचं लपवलंय! एकदा दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यालाच त्यानं विचारलं होतं, "ये गा, बस. चहा घेशीन का?" शामकला तेव्हा ओसरीतच होती. हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी काही हसण्याचं राहिलं नाही. त्या दिवसापासून तिनं घरातली एक वस्तू जागची हलू दिली नाही. चपला उंबऱ्याच्या त्याच बाजूला, तांब्या त्याच खुर्चीखाली, आणि मासळी केली की काटे काढूनच ताटात.

बोलली मात्र नाही. बोलून काय होणार होतं? थोरल्या भावाचा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गेला, तेव्हापासून "डोळ्याले चाकू लावू देनार नाही" हे दुर्गाप्रसादनं धरून ठेवलं होतं. आणि दुसरं कारण त्याच्या रायफली.

दुर्गाप्रसादचं आयुष्य गोंदियातल्या एका बंदुका दुरुस्तीच्या दुकानात गेलं. शिकार बंद होऊन पन्नास वर्षं उलटली, पण जुन्या रायफली घराघरांत लायसनवर पडून होत्या, आणि त्यांच्या अंगावर एखादी लोखंडी पट्टी दिसली की मालकाला कोडं पडायचं. आजकाल नेम धरायची दुर्बीण रायफलीच्या माथ्यावर बसवतात. पूर्वी पुष्कळदा ती डाव्या बाजूला ठोकलेल्या पट्टीवर बसायची. खटका फिरवला की दुर्बीण काढून खिशात घाला, पुन्हा लावली की तिथंच बसणार. दुर्गाप्रसाद त्याला 'कुशीतला माऊंट' म्हणायचा. दुर्बिणी हरवल्या, फुटल्या, पट्ट्या तेवढ्या उरल्या. नुसत्या पट्टीवरून ती कुठल्या देशातली, कोणत्या काळातली, कारखान्यात बसवलेली की गावठी लोहारानं, हे तो सांगायचा. त्यासाठी बालाघाटहून, रायपूरहून लोक गाड्या घेऊन यायचे. हीच त्याची पाटीलकी होती. मिस्त्रीला दिसत नाही अशी बोंब झाली, की कोण येणार? हायवेवरचे ट्रक ऐकत ओसरीवर बसलेला आणखी एक म्हातारा, एवढंच उरणार. शामकला हे जाणून होती, म्हणून गप्प होती.

तर अशात सौंदडचा वीरेंद्र टेंभरे आला. पोरगा चांगला, बोलायला मोकळा. चादरीत गुंडाळलेली रायफल त्यानं दुर्गाप्रसादच्या मांडीवर ठेवली.

"काकाजी, आमच्या घरी हिले बॅटरीवालीच म्हनतेत," तो म्हणाला. "आजा रातच्यानं धानाच्या बांदीत डुकरं राखाले जाय, तवा हिच्यावर बॅटरी बांधे. नागपूरच्या कारागिरानं सांगतलं का हे बाजूचं लोखंड घासून काढतो, भोकं बुजवतो, नवी करून देतो. उद्या नेऊन राहिलो. बाबूजी म्हने, घासाच्या आधी मिस्त्रीले दाखव."

दुर्गाप्रसादनं रायफल आडवी धरली. मान खाली घातली, डोळे बारीक केले. हे सगळं नाटक, बरं का. काम करत होता तो अंगठा. पट्टीवर कधीतरी काळा रंग फासलेला, वरून वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ बसून त्याचा थर झालेला. तीन स्क्रू लागले. पुढं नुसतं सपाट.

"बॅटरीचीच आहे," दुर्गाप्रसाद म्हणाला. "घासू दे."

शामकला बाजूलाच सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. पट्टीच्या एका कोपऱ्याचा रंग उडाला होता आणि तिथं दोन बारीक गोल टिपके चकाकत होते. तिचा हात सुपातच राहिला. लग्न झाल्यापासून ती माऊंटचं पुराण ऐकत आली होती. त्या घरातल्या भिंतींनासुद्धा एव्हाना माऊंट ओळखता आले असते, मग तिचं काय?

आता करायचं काय? गप्प बसावं तर उद्या कानस फिरणार, आणि जन्मभर कमावलेला शब्द खोटा पडणार. बोलावं तर परक्या पोरासमोर नवऱ्याचं झाकलेलं उघडं पडणार. तिनं आडवाट धरली.

"आयकलं का जी," ती डाळीकडेच बघत म्हणाली, "तुमी नाही का सांगत, बॅटरीच्या पट्टीले कोनी पिना मारत नाही मनून?"

"कायले मारतीन?" दुर्गाप्रसाद म्हणाला. त्या विषयावर त्याला नुसतं डिवचायचा अवकाश असायचा. "बॅटरी बोटभर सरकली तरी डुकरावर उजेड पडतेच. दुर्बीन केसभर सरकली का गोळी गेली रानात. मनून दुर्बिनीच्या पट्टीले स्क्रूही पाहिजे आन पिनाही पाहिजे."

"मंग हे दोन टिपके कायचे होत?"

दुर्गाप्रसादचा अंगठा थांबला. मग पट्टीवरून फिरू लागला. पुढं गेला, मागं आला, थेट त्या टिपक्यांवरून गेला आणि तसाच पुढं सरकला. लागणार कसं? चांगला कारागीर पिन ठोकल्यावर ती पट्टीशी घासून एकजीव करतो. ती हाताला लागत नाही, डोळ्यालाच दिसते. हे त्याचंच सांगणं होतं.

त्याचे कान लाल झालेले शामकलेनं पाहिले आणि ती मनातल्या मनात स्वतःवर चिडली. जिभेला काही हाड! म्हातारीनं घात केला म्हाताऱ्याचा.

"धूळ असन जी," ती घाईनं म्हणाली. "माहीच नजर कामातून गेली. तुमी म्हनता तेच खरं."

वीरेंद्र हसला. "काकीजी, आता चष्मा घ्या तुमी," म्हणत त्यानं रायफल उचलली आणि चादर गुंडाळायला घेतली. गोष्ट तिथंच मिटली होती. दुर्गाप्रसादनं नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी सगळं शामकलेनं सांभाळलं होतं.

"थांब, बाबू," दुर्गाप्रसाद म्हणाला. "तिची नजर साबूत आहे. माही गेली."

वीरेंद्रनं चादर पुन्हा उलगडली.

"मले दिसत नाही. वरीस झालं असन. शामकला, तू पाह्य आन मले सांग."

शामकला उठली, खोबरेल तेलाची बाटली आणि चिंधी घेऊन आली आणि पट्टी पुसायला बसली. सुईनं मळ उकरला तशी लांबोडकी खाच उघडी पडली. ती सांगत गेली, दुर्गाप्रसाद मान हलवत गेला. खाच आतून रुंद आहे, तोंडाशी बारीक आहे. पिना दोन आहेत. स्क्रूच्या चिरा बारीक आहेत, गावठी नाहीत.

"कुशीतला माऊंट," दुर्गाप्रसाद म्हणाला. आवाजात धार परत आली होती. "विलायती. दुर्बीन मागून सरकून याच खाचीत बसे. तुह्या आज्याच्या हाती येईपर्यंत फुटली असन, मंग त्यानं याच पट्टीले बॅटरी बांधली. बॅटरीवाली म्हटलं का झाली बॅटरीवाली. आन मीही नावालेच भुललो. घासू नोको हिले, बेटा."

"नाही घासत," वीरेंद्र म्हणाला. रायफल त्यानं लेकरासारखी जपून गुंडाळली. जाताना दारात जरा घुटमळला. शामकलेला वाटलं, हा आता गावभर करणार.

"काकाजी, मामाकडे एक जुनी पडून आहे, तेही आनून दाखवतो," तो म्हणाला. "काकीजी घरी कवा कवा असतेत?"

दुर्गाप्रसाद खो खो हसला. "हे कुठं जाते! घरीच असते."

गाडी गेली. शामकलेनं सूप पुढं ओढलं, पण डाळीतला खडा काही तिला दिसेना.

"तुले माहीत होतं," दुर्गाप्रसाद म्हणाला.

"होतं."

"बोलली काऊन नाही?"

"तुमी काऊन नाही बोलले?"

म्हातारा तेलकट अंगठा धोतराला पुसत राहिला. मग म्हणाला, "तू सांगत होतीस तर ते पट्टी अशी समोर उभी राहिली. आजवर हातातून गेलेल्या सगळ्या पट्ट्या मले अशा दिसतेत. तू मात्र नुसतं धुकं. आता कशी दिसून राहिली तू?"

"म्हातारी. अजून कशी दिसीन?" शामकला म्हणाली. "समोरचा दात पडला माहा."

"कवा?"

"पोळ्याले."

पोळा होऊन कितीतरी दिवस लोटले होते. रोज समोर बसून ती जेवायला वाढत होती, बोलत होती, हसत होती. त्यानं हात पुढं केला, तो आधी सुपाला लागला, मग तिच्या खांद्याला, मग गालाला. शामकलेनं तो हात धरून ठेवला.

"गोंदियाले डोळ्याचा डॉक्टर कोन्त्या दिवशी बसते?" त्यानं विचारलं.