विचारून बघायला काय जातं

७५२

कवळीवाला साधा झाडू घ्यायचा तरी सात दुकानं पालथी घालायचा आणि सातव्याचा भाव पहिल्याच्या तोंडावर मारायचा. "विचारून बघायला काय जातं?"
"चपला जातात," बायको म्हणायची.

आता त्याच्या दात भाजायच्या भट्टीने मान टाकली होती. गेल्या आठवड्यात तिने अख्खी बत्तिशी कोळशासारखी काळी करून दिली. महिनाअखेर नवी भट्टी आली नाही तर त्याच्याकडून कवळ्या करून घेणारे तिन्ही दंतवैद्य कामं दुसऱ्याकडे देणार होते.

पहिल्या बँकेतल्या बाईंनी स्क्रीनवर त्याचा कर्जफेडीचा स्कोअर पाहिला. "सातशे बावन्न. स्कूटरचे हप्ते वेळेवर फेडलेत. उद्या सह्या करा, कर्ज मिळेल."

इतकं सहज मिळतंय म्हणजे महाग असणार. "जरा दुसरीकडे विचारून येतो," कवळीवाला म्हणाला.

७४६

खुर्ची मऊ, व्याज तेच.

७३९, ७३३, ७२४

फॉर्म भर, सही ठोक. "त्यांनी इतक्याला दिलंय, तुमचं बोला."

७१५

सहाव्या बँकेतल्या पोरीने चष्मा वर केला. "काका, दहा दिवसांत पाच ठिकाणी कर्ज मागितलंत? घरी सगळं ठीक ना?"
"मागितलं नाही. विचारलं."
"मशीनला त्यातला फरक कळत नाही. अर्ज केला की बँक तुमचा स्कोअर तपासते, त्या तपासणीची नोंद होते. भराभर नोंदी झाल्या की वाटतं, माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय."
"फिरतोयच की. भाव करायला."
"स्कोअर उतरतोय त्याने."

शहाण्याने इथे थांबायला हवं होतं. पण सात म्हणजे सात.

७०८

सातव्या बँकेने भाव सांगायच्या आधीच नकार दिला. शेवटी तो पहिल्या बँकेत परतला, पण तोंडावर मारायला भावच नव्हता. बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. "आमचीही हद्द सातशे वीस, त्याखाली कर्ज नाही. आता सहा महिने कुठेही अर्ज करू नका, हळूहळू सावरेल."

सहा महिने कुणाला काही विचारायचं नाही. त्यापेक्षा श्वास बंद ठेवा म्हणाल्या असत्या तर जमलं असतं.

७९१

घरी बायको ब्लाउजला हुक लावत होती. शिलाई मशीन, फ्रिज, मिक्सर, सगळं तिने हप्त्यांवर घेतलेलं. त्यावरून कवळीवाला तिला चारचौघांत 'हप्तेवाली' म्हणायचा. त्याची रडकथा ऐकून तिने फोन उघडला आणि स्वतःचा स्कोअर त्याच्यासमोर धरला.

"अगं, बघू नकोस. उतरेल."
"आपला आपण बघितला तर काही होत नाही. मी दर महिन्याला बघते. एक हप्ता चुकवला नाही आजवर."
"मग मला आधी का नाही सांगितलंस?"
"अहो, तुम्ही सात ठिकाणी विचारलंत. घरात कुठे विचारलंत?"

कवळीवाल्याने पंख्याकडे पाहिलं. पंख्याने बाजू घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी बायको पहिल्याच बँकेत गेली, शिलाईच्या कमाईचे कागद बाईंपुढे ठेवले आणि पेन उघडलं. भट्टी तिच्या नावावर येणार होती, हप्ते कवळीवाला तिच्या हातात देणार होता, दर पाच तारखेला, न चुकता. अट तिची.

सही करायला ती वाकली तसा तो तिच्या कानाशी पुटपुटला, "समोर एक नवीन बँक उघडलीये. नुसतं विचारून..."

तिने पेन उचलून त्याच्याकडे पाहिलं.

कवळीवाल्याची स्वतःची बत्तिशी घट्ट मिटली.