ओढा वाहता ठेवायची मिंगा

मंगळवारी सकाळी एदुविना मान्किलेफ आपल्या ओढ्यावर गेली, तर ओढा जागेवर नव्हता. गोटे होते, शेवाळ होतं, पाणी तेवढं गायब. वरच्या अंगाला सान्तियागोहून आलेल्या एका साहेबाने हंस पाळायला तळं खोदलं होतं. ओढा तिकडे मुक्कामाला गेला होता.

एदुविनाने घड्याळ पाहिलं. दहाला अनसेल्मोचा फोन येणार होता.

अनसेल्मो राहायचा चिलीच्या दुसऱ्या टोकाला, वाळवंटात, जिथे पाऊस ही ऐकीव गोष्ट आहे. दोन वर्षं दोघं मिळून एकच कलाकृती करत होते. चिलोए बेटावरच्या या ओढ्याचा डावा काठ एदुविना लोकरीत विणायची. उजवा काठ तो रोज दहा ते बारा फोनवर ऐकून ऐकून एका पडक्या कारखान्याच्या भिंतीवर रंगवायचा. भेटले कधीच नव्हते. त्याची अट एकच होती, ओढा जिवंत हवा. रेकॉर्डिंग लावलंस की काम बंद! ओढा गेल्याचं वाईट वाटलंच, पण एदुविना घाबरली ती वेगळ्याच कारणाने. नवरा गेल्यापासून रोज तिची चौकशी करणारा तो एकच माणूस होता. ओढाच नसेल तर त्याने फोन कशाला करायचा?

पहिल्या दिवशी तिने किटलीने परातीत पाणी ओतून वेळ मारून नेली. दोन तासांत खांदा कामातून गेला. मग ती घरोघर मिंगा मागत फिरली. मिंगा मागितली की बेटावर कुणी नाही म्हणत नाही. सगळे फुकट राबतात, मागणाऱ्याने काम संपेपर्यंत जेवू घालायचं.

"काम काय आहे?" शेजारच्या रेमिहियोदादाने विचारलं. बैल जुंपून अख्खी लाकडी घरं दुसऱ्या जागी ओढून नेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"ओढा वाहता ठेवायचाय. दहा ते बारा."

"बरं," तो म्हणाला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

बुधवारी चौदा माणसं कोरड्या पात्रात भरल्या बादल्या घेऊन उभी राहिली. रेमिहियो दगडावर चढून हुकूम सोडत होता. "वळणावरचे, जरा खळखळा! उबाल्दिना, तू धबधबा आहेस, गप्पा कसल्या मारतेस?"

"मला बेडूकही सांगितलाय," उबाल्दिनाबाई फणकारली. "धबधबा करू की बेडूक?"

"दोन्ही कर. बेडकाला हात लागत नाहीत."

"आज ओढ्याला जोर आहे," अनसेल्मो फोनवर खुशीत म्हणाला.

शनिवारपर्यंत एदुविनाच्या घरातले बटाटे संपले आणि लोकांचे पाय भिजून पांढरे पडले. दहाला पाच मिनिटं होती, तेव्हा रेमिहियो तिच्याजवळ आला.

"बाई, हे काम संपणार कधी?"

"ओढ्याचं काम कधी संपतं का, दादा?"

"मग आम्ही घरी जायचं कसं? मिंगा अर्धवट टाकून आजवर कुणी गेलेलं नाही. उद्या उबाल्दिनाच्या नातवाचा बाप्तिस्मा आहे, तो इथेच उरकायचा का?"

"उरकू की," उबाल्दिना म्हणाली. "पाणी आहेच."

एदुविनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या एका फोनसाठी आपण सगळ्या गावाला भिजवत बसलोय! फोन वाजला. तिने तो उचलला आणि सगळ्यांदेखत एका दमात खरं सांगून टाकलं.



"मला बुधवारीच कळलं होतं," अनसेल्मो म्हणाला. "कुठला ओढा अकरा वाजता खायला थांबतो? आणि शिंकतो?"

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, बोललो तर तू फोन घ्यायचं बंद करशील. शिंक रंगवली मी. छान जमलीय."

रेमिहियोने फोनशी तोंड नेलं. "ओ पेंटर, शिंकेचं राहू द्या. काम संपलं की नाही, तेवढं सांगा."

"संपलं, दादा. भिंत कालच भरली."

चौदा बादल्या धडाधड खाली आदळल्या. एदुविना मात्र फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली.

"कालच भरली, तर आज फोन कशाला केलास?"

"दहा वाजले होते ना," अनसेल्मो म्हणाला.