पाहुण्यांनो, जरा बसा

आबिलियो तोर्कातो गेल्याचं मला मेधाच्या फोनवर कळलं. मेधा माझी बायको. तिला जाऊन सात महिने झाले होते, तरी मी तिचा फोन चार्ज करून जवळ ठेवायचो. २०१८च्या सप्टेंबरात, सँडीफोर्डच्या ऑफिसला जाताना लुआस या आयरिश ट्रॅममध्ये त्यावर मेसेज आला. मेधा काम करायची त्या हॉस्पिटलातल्या पोर्तुगीज नर्सचा. तो मलाच होता, पण माझा नंबर तिच्याकडे नव्हता.

तोर्कातो हा पोर्तुगीज गायक, बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कारखान्यातल्या मजुराचा मुलगा. गिटार घेऊन गावोगाव सरकारविरुद्ध गायचा. हुकूमशाहीने त्याला दोन वर्षं आत टाकलं. पुढे लोकशाही आली. तिने त्याला पदक दिलं आणि त्याची गाणी सरकारी समारंभात बँडवर वाजवली, शब्द वगळून. तो म्हणायचा, तुरुंगवाले निदान शब्द लक्ष देऊन ऐकायचे.

मेधा ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होती. नर्सने दिलेली त्याची सीडी ती गाडीत लावायची. त्यातलं एक गाणं तिने मराठीत आणलं:

बसलेल्यांनो, जरा उठा, खुर्ची आमच्या पाठीवर आहे,
भाकर आम्ही भाजली, नाव तुमचं ताटावर आहे.

तिने त्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, "ज्यांच्यावर आहे त्यांच्यासमोर म्हण." मेधाने आमच्या मराठी मंडळाची दिवाळी निवडली. तिथे पाहुणे स्टेजवर सोफ्यात बसतात, त्यांना आधी वाढतात, आणि स्वयंपाक केलेल्या बायका शेवटी जेवतात. मग ती आजारी पडली. म्हणाली, "कुणाकडून तरी म्हणून घे. पण शब्द तेच ठेव." मी हो म्हणालो.

तोर्कातो गेल्यावर मंडळाचे अध्यक्ष प्रताप यांचा फोन आला. "हेमचंद्र, तुझा तो पोर्तुगीज गेला म्हणे. दिवाळीत मेधावहिनींचं गाणं घेऊ. दोघांनाही श्रद्धांजली, एकाच स्लॉटमध्ये."

मीटिंग त्यांच्याच घरी, क्लोनडॉकिनला झाली. मी गाणं उतरवून नेलेला कागद सांस्कृतिक सचिव शुभदाने वाचला.

"गाणं छान आहे हो. पण 'उठा' कसं म्हणायचं? स्पॉन्सर असतात समोर."

"गाणं त्यांच्यावरच आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणतेय. 'पाहुण्यांनो, जरा बसा' करू. आणि पाठीवर खुर्ची नको, दारावर तोरण लावू."

"भाकर?"

"भाकर राहू दे," प्रताप म्हणाले. "फूड स्टॉल आहेच."

मी कागद परत मागणार होतो. तेवढ्यात प्रताप म्हणाले, "वहिनींचा मोठा फोटो लावू स्टेजवर. हार घालून. आभारप्रदर्शन तू कर." फोटो म्हटल्यावर मी कागद तिथेच राहू दिला. स्टेजवर तिला कधी कुणी बोलावलं नव्हतं.

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये झाला. सहा पैठण्यांनी गाणं म्हटलं. ज्यांच्यावर ते लिहिलं होतं त्यांनी सोफ्यातून टाळ्यांचा ठेका धरला. मुख्य स्पॉन्सर आयरिश होता. मराठी कळत नसूनही त्याला गाणं 'ग्रँड' वाटलं. मराठी कळणाऱ्यांनाही तसंच वाटलं. पुढच्या वर्षापासून हेच मंडळाचं स्वागतगीत, असं प्रतापांनी जाहीर केलं. मेधाचा फोटो बॅनरच्या मागे अर्धा झाकला होता.

मग मी माइकवर गेलो. तिच्या हातचा मूळ कागद खिशात होता. मी केटररचे आभार मानले, साउंडवाल्यांचे मानले, पाहुण्यांनी वेळात वेळ काढल्याबद्दल त्यांचेही मानले. दोन मिनिटं होती, ती पुरली.

गाडीत स्वरांगी, माझी सतरा वर्षांची मुलगी, माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "दॅट वॉझन्ट हर साँग, बाबा."

"माहितीये."

"यू हॅड द माइक."

मेधाचे शब्द त्या सोफ्यांसमोर अजून कुणी म्हटलेले नाहीत.